घरातील अवघड निर्णयाच्या वेळी धर्मग्रंथ कसा वाचावा

बाबांना पक्षाघाताचा दुसरा झटका आल्यानंतर अकराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावून विचारले, की गळ्याला छिद्र करून नळी बसवायची आणि कृत्रिम श्वास पुढे चालू ठेवायचा, की आता अधिक काही न करता त्यांना त्रास होणार नाही एवढेच पाहायचे. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी हवे होते. त्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी पिशवीतली ज्ञानेश्वरी काढली, डोळे मिटून पान उघडले आणि जिथे बोट पडले ती ओवी कौल समजून वाचली. ओवीचा संदर्भ अगदी वेगळा होता, तरी मला तिच्यात ‘सोडून द्यावे’ असा अर्थ दिसला. मी पोथी ताईकडे दिली. तिने तीच ओवी वाचली आणि तिला ‘शेवटपर्यंत सोडू नये’ असा अर्थ दिसला. आम्ही दोघेही खोटे बोलत नव्हतो. दोघांनाही ग्रंथ बोलला असेच वाटले होते आणि दोघांनाही तो ज्याच्या त्याच्या मनातलेच बोलला होता.

ग्रंथाला असा कौल लावू नये, हे मी त्या रात्री शिकलो. मात्र प्रश्न नीट मांडून ग्रंथ उघडला, तर तो आपल्याला अशा जागी नेऊन उभा करतो, की जिथून घरातली सगळी माणसे दिसू लागतात. आईवडिलांचे आजारपण, भावंडांतला दुरावा, मोडत चाललेला संसार, व्यसनात बुडालेले मूल, अशा वेळी ग्रंथ कसा वाचावा, याविषयी त्यानंतरच्या वर्षांत जे उमगले ते येथे लिहीत आहे. माझे वाचन मुख्यतः महाभारत, गीता आणि उपनिषदे यांचे आहे, म्हणून दाखले बहुतेक तिथलेच येतील. ज्यांचा ग्रंथ वेगळा आहे त्यांनाही ही रीत तशीच लागू पडावी.

आधी प्रश्न कागदावर उतरवावा

गीतेचा पहिला अध्याय पुष्कळ जण प्रस्तावना म्हणून भरभर वाचून पुढे जातात. खरे तर घरच्या निर्णयात अडकलेल्या माणसाने तोच सर्वांत सावकाश वाचायला हवा. अर्जुनाच्या समोर आजोबा, गुरू, मामा, भाऊ, पुतणे उभे आहेत. त्याचे अंग थरथरते, तोंड कोरडे पडते, धनुष्य हातातून गळते आणि अशा अवस्थेत तो कुलक्षयाविषयी, पितरांविषयी, पापाविषयी एकामागून एक युक्तिवाद करत सुटतो. ते सगळे शास्त्राला धरून आहेत. तरीही कृष्ण त्या संपूर्ण अध्यायात त्यांतल्या एकाही युक्तिवादाला उत्तर देत नाही. दुसऱ्या अध्यायात, सातव्या श्लोकात, अर्जुन जेव्हा आपण गोंधळलो आहोत हे कबूल करतो आणि ‘यच्छ्रेयः स्यान्निश्चितं ब्रूहि तन्मे’, म्हणजे माझ्यासाठी जे श्रेयस्कर असेल ते निश्चित सांग, असे विचारतो, त्यानंतरच उपदेशाला सुरुवात होते. युक्तिवाद आणि प्रश्न यांतला फरक इथे कळतो. आपण ग्रंथाकडे जाताना बहुधा पहिल्या अध्यायातल्या अर्जुनासारखे जातो, म्हणजे ठरवून जातो आणि आधार शोधतो.

यासाठी एक कोरा कागद घ्यावा आणि प्रश्न लिहावा. पहिल्या खेपेला तो जवळजवळ नक्कीच चुकीचा उतरतो. मी त्या रात्री डॉक्टरांच्या एका जुन्या चिठ्ठीच्या मागे लिहिले होते, ‘बाबांचे काय करावे?’ हा प्रश्न इतका मोठा होता, की त्याला कोणताही ग्रंथ काय उत्तर देणार? त्याखाली लिहिले, ‘पुढे आयुष्यभर अपराधी वाटू नये म्हणून मी काय करावे?’ हा प्रश्न प्रामाणिक होता, पण त्यात बाबा कुठेच नव्हते. पहाटे तीनच्या सुमारास तिसरा प्रश्न सुचला, ‘बाबांना जे सोसावे लागणार आहे, त्यांतले कोणते सोसणे त्यांच्यासाठी आहे आणि कोणते आमच्यासाठी?’ हा कागद ताईने वाचला आणि ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिला आठवले, की दोन वर्षांपूर्वी एका नातेवाइकांना बघून परत येताना बाबा गाडीत म्हणाले होते, की मला असे नळ्यांना बांधून ठेवू नका. अकरा दिवस ते वाक्य तिच्या मनात होतेच, पण नेमका प्रश्न समोर येईपर्यंत ते वर आले नव्हते.

प्रश्न लिहून झाला, की त्यात आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे नाव आहे का, एवढे तपासावे. नसेल तर पुन्हा लिहावा.

सुवचन शोधू नये, प्रसंग शोधावा

सुटे वचन कुठेही बसवता येते. प्रसंग तसा बसवता येत नाही, कारण त्यात माणसे असतात आणि ती आपल्या सोयीप्रमाणे वागत नाहीत. म्हणून आपल्या परिस्थितीशी मिळताजुळता प्रसंग शोधून तो आरंभापासून शेवटापर्यंत वाचावा. वडिलांची आज्ञा आणि स्वतःचा विवेक यांत तेढ असेल तर भागवताच्या सातव्या स्कंधातला प्रल्हाद आहे. मुलाच्या दोषांकडे डोळेझाक होत असेल तर उद्योगपर्वातला धृतराष्ट्र आहे. दिलेला शब्द मोडायचा की माणूस गमवायचा, असा पेच असेल तर कर्णपर्वात एक प्रसंग आहे, आणि त्यापाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण ‘मी शब्द दिला होता’ या एका वाक्यापायी किती घरे वर्षानुवर्षे अडून राहतात हे मी पाहिले आहे.

युद्धाच्या सतराव्या दिवशी कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परततो. अर्जुन त्याची विचारपूस करायला येतो. कर्णाला मारूनच तो आला असणार, असे युधिष्ठिराला वाटते. तसे नाही हे कळताच वेदना आणि संताप यांच्या भरात तो म्हणतो, की तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. आता अर्जुनाची प्रतिज्ञा अशी, की जो कोणी गांडीव दुसऱ्याला दे असे म्हणेल त्याचा शिरच्छेद करायचा. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. कधीही खोटे बोलायचे नाही असे कौशिकाचे व्रत होते. लुटारूंनी विचारले तेव्हा लपलेली माणसे कुठे आहेत हे त्याने खरे सांगून टाकले, ती माणसे मारली गेली आणि सत्यव्रती कौशिक नरकात गेला. ‘धारणाद्धर्ममित्याहुः’, जो धारण करतो, माणसांना सांभाळून धरतो, तो धर्म, हे वचन याच प्रसंगातले आहे. पुढे कृष्ण प्रतिज्ञेतून वाटही काढून देतो. थोरल्याला ‘तू’ म्हणून त्याचा अपमान करणे हे त्याला मारण्यासारखेच आहे, तेवढे कर. अर्जुन बोलतो, बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटते की तो जीव द्यायला निघतो, तिथेही कृष्ण त्याला सावरतो आणि शेवटी दोघे भाऊ रडत एकमेकांच्या गळ्यात पडतात.

हा प्रसंग वाचल्यावर ‘शब्द पाळावा की मोडावा’ एवढाच प्रश्न उरत नाही. तो शब्द कोणत्या परिस्थितीत दिला होता, तो देताना काय राखायचे होते आणि आज तो पाळल्याने नेमके तेच मोडते आहे का, असे तीन प्रश्न पुढे येतात. मरताना आईला दिलेल्या वचनामुळे एकमेकांचे तोंड न पाहणारी भावंडे असतील, तर त्यांनी हे तीन प्रश्न एकत्र बसून वाचावेत.

दुरावलेल्या भावंडांसाठी बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातली योसेफाची कथाही मला फार मोलाची वाटते. ज्या भावांनी त्याला विकले तेच दुष्काळात धान्य मागायला त्याच्या दारी येतात. तो त्यांना ओळखतो, एकांतात जाऊन रडतो, पण लगेच ओळख देत नाही. धाकट्या भावाला, बन्यामिनाला, वाचवण्यासाठी त्याच भावांतला यहूदा स्वतः गुलाम राहायला तयार होतो, हे पाहिल्यावरच योसेफ मोकळा होतो. मनातून क्षमा करणे आणि पुन्हा विश्वास टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यामध्ये काळ जाऊ द्यायला हरकत नाही, हे या कथेत स्पष्ट दिसते. ‘माफ केले असेल तर जवळ का घेत नाहीस?’ असे ज्यांना घरचे विचारतात, त्यांनी ती अवश्य वाचावी.

ओळीच्या पुढची ओळ वाचावी

घरातल्या वादात ‘मातृदेवो भव, पितृदेवो भव’ हे वचन जितक्या वेळा फेकले जाते तितके दुसरे क्वचितच फेकले जात असेल. ते तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत, शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरूने केलेल्या उपदेशात येते. त्याच उपदेशात थोडे पुढे गुरू म्हणतो, ‘यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि’: आमच्यातले जे चांगले आचरण असेल तेच तू घे, बाकीचे नको. आईवडिलांना देव मान, असे सांगणारा ग्रंथ थोरांच्या चुका उचलू नकोस हेही त्याच दमात सांगतो. पहिले वाक्य पाठ असलेल्या किती जणांना दुसरे माहीत असते?

हे इतर ग्रंथांतही आढळते. बायबलमधल्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात सहाव्या अध्यायाच्या आरंभी मुलांना आज्ञापालन सांगितले आहे आणि चौथ्याच वचनात बापांना मुलांना चीड येईल असे वागू नका, असे बजावले आहे. बौद्धांच्या पाली सिगालोवाद सुत्तात मुलांची आईवडिलांप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत, आणि लगेच आईवडिलांचीही मुलांप्रति पाच. कुराणाच्या एकतिसाव्या सूरहमध्ये आईवडिलांचे ऋण सांगून झाल्यावर म्हटले आहे, की ते तुला ईश्वराशी दुसऱ्या कोणाला भागीदार करायला भाग पाडू लागले तर त्यांचे ऐकू नकोस, तरीही या जगात त्यांच्याशी चांगुलपणाने वाग. न ऐकणे आणि नाते तोडणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या एका वाक्यात कळते. आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध जोडीदार किंवा व्यवसाय निवडणाऱ्या कित्येक मुलांना आपल्यापुढे दोनच वाटा आहेत असे वाटते. ही तिसरी वाट त्यांना कोणी तरी दाखवायला हवी.

म्हणून कोणतेही वचन मनात भरले, किंवा कोणी आपल्यावर फेकले, की ते मुळात काढून त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळी वाचाव्यात. ते कोण कोणाला म्हणत आहे, कोणत्या प्रसंगी म्हणत आहे आणि त्या दोघांत बळ कोणाकडे आहे, हे पाहावे.

वचनाची किंमत कोण मोजणार

‘त्यजेदेकं कुलस्यार्थे’, कुळासाठी एकाचा त्याग करावा, हे वचन मी एका घरात वेगळ्या जातीत लग्न केलेल्या मुलीशी संबंध तोडण्यासाठी वापरलेले ऐकले आहे. महाभारतात ते विदुराच्या तोंडी येते. तो ते धृतराष्ट्राला सांगतो आणि त्याचा रोख दुर्योधनाकडे असतो. म्हणजे राजाला, त्याच्या सर्वांत लाडक्या आणि सर्वांत बलवान मुलाविषयी, तो ते सुनावत असतो. त्याच श्लोकाचा शेवटचा चरण आहे, ‘आत्मार्थे पृथिवीं त्यजेत्’, आत्म्यासाठी सारी पृथ्वी सोडावी. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला बाहेर काढण्यासाठी पहिला चरण वापरणाऱ्याने चौथा चरण वाचलेला नसतो, किंवा वाचून लपवलेला असतो. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

यावरून मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. एखाद्या वचनातून निघणाऱ्या निर्णयाची सारी किंमत दुसऱ्यानेच मोजायची असेल आणि मला काहीच सोडावे लागणार नसेल, तर मी ते वचन त्या दिवसापुरते बाजूला ठेवतो.

जिथे मारहाण होते, जिवाला धोका आहे, लहान मुलांना इजा होते आहे, तिथे आधी सुरक्षित जागी जावे, वैद्यकीय आणि कायद्याची मदत घ्यावी, वाचन नंतर. सहनशीलतेची वचने मार खाणाऱ्याला ऐकवणे हा ग्रंथाचा दुरुपयोग आहे. ग्रंथांत असेही काही आहे, की जे आजच्या विवेकाला पटत नाही, आणि ते पटत नाही असे म्हटल्याने श्रद्धेला बाध येत नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत धर्माची मुळे सांगताना श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्याबरोबर ‘स्वस्य च प्रियमात्मनः’, म्हणजे स्वतःच्या अंतरात्म्याला रुचणे, हेही सांगितले आहे. बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना सांगितले, की केवळ परंपरेने आले म्हणून किंवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका. आणि तुकोबांनी तर ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता’ असे म्हणून ठेवले आहे. घरात सगळे एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला असतो, तेव्हा हा चरण जवळ असावा.

कोणाला विचारावे

वर ज्या तैत्तिरीय उपनिषदाचा उल्लेख केला, त्याच उपदेशाच्या शेवटी एक अगदी व्यवहारी सूचना आहे. काय करावे किंवा कसे वागावे याविषयी तुला शंका आली, तर जे विचार करून बोलणारे, कर्तव्यात मुरलेले, ‘अलूक्ष’ आणि धर्माची चाड असलेले जाणते लोक असतील, ते तशा प्रसंगी जसे वागतील तसे तू वाग. ‘अलूक्ष’ म्हणजे जे रूक्ष नाहीत, कठोर नाहीत. सल्लागाराच्या गुणांत ज्ञानाबरोबर मायाळूपणा घालणाऱ्या त्या ऋषीपुढे मी मनोमन नतमस्तक होतो. ग्रंथ मुखोद्गत असलेला पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी न दिसणारा माणूस या कामाचा नाही. प्रश्न पुरता ऐकण्याआधीच ज्याचे उत्तर तयार असते, त्यालाही विचारू नये. या निर्णयात ज्याचा जमिनीचा, पैशाचा किंवा मानाचा हितसंबंध आहे, त्याचे प्रेम कितीही असले तरी त्याचा सल्ला वेगळा ठेवावा.

नवराबायकोच्या तंट्यात कुराण एक पंच त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमायला सांगते. दोघांनाही आपल्या बाजूचे कोणी तरी तिथे बसले आहे असा धीर मिळतो. भावंडांच्या वादातही ही रीत उपयोगी पडेल.

कळलेले वळावे म्हणून

उद्योगपर्वात धृतराष्ट्राला झोप येत नाही आणि तो विदुराला बोलावून घेतो. विदुर रात्रभर बोलतो. आपण ज्याला विदुरनीती म्हणतो ते हेच बोलणे. इतके स्पष्ट, इतके आपुलकीचे मार्गदर्शन क्वचितच कोणाला मिळाले असेल. धृतराष्ट्र सगळे मान्य करतो आणि शेवटी म्हणतो, की पांडवांविषयी माझी बुद्धी तू म्हणतोस तशी होते, पण दुर्योधन समोर आला की ती पुन्हा फिरते.

दुर्योधन समोर आला की फिरते! व्यसनी मुलाला यापुढे पैसे द्यायचे नाहीत असे रात्री ठरवून सकाळी त्याच्या हातावर नोटा ठेवणाऱ्या प्रत्येक आईबापाला हे वाक्य ओळखीचे वाटेल. म्हणून वाचून, विचारून जे ठरले ते लगेच तारखेसह लिहावे, ज्याच्या समोर आपली बुद्धी फिरते त्याचे नावही तिथेच लिहावे आणि त्याला भेटायला जाताना एकटे जाऊ नये. निर्णयाचे पहिले छोटे पाऊल, एखादा फोन असो वा अर्जावरची सही, शक्यतो चोवीस तासांत उचलावे. आम्ही सकाळी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ताई आणि मी दोघेही होतो आणि बाबांचे ते गाडीतले वाक्य कागदावर लिहून नेले होते, कारण ते तोंडाने सांगायची वेळ आली तर आवाज फुटणार नाही हे दोघांनाही माहीत होते.

नळी बसवली नाही. बाबा सहा दिवसांनी गेले.

निर्णयानंतर

निर्णय झाला म्हणजे मन शांत होते, असा अनुभव मला आला नाही. काही आठवडे मी पुन्हा पुन्हा त्याच पानांकडे जाऊन आपण बरोबर वागलो का, हे तपासत राहिलो, आणि प्रत्येक खेपेला उत्तर वेगळे येई. हे टाळावे. निर्णयापूर्वी जे वाचले ते निदान काही महिने उघडू नये. वाचायचेच असेल तर दुसरे काही वाचावे.

माझी शिफारस शांतिपर्वाची आहे. युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिराला कळते, की ज्याला आपण मारवले तो कर्ण आपला सख्खा थोरला भाऊ होता. राज्य नको, वनात जातो, असे तो म्हणू लागतो. भाऊ समजावतात, द्रौपदी समजावते, कृष्ण आणि व्यास समजावतात, मग शरशय्येवरचा भीष्म बोलू लागतो. महाभारताच्या अठरा पर्वांत हे पर्व सर्वांत मोठे आहे. युद्धापूर्वी अर्जुनाला समजावायला सातशे श्लोक पुरले. निर्णयानंतरच्या युधिष्ठिराला समजवायला हजारो लागले. त्याचे रडणे कोणी लवकर आवरते घ्यायला लावत नाही. प्रत्येक जण पुन्हा नव्याने त्याच्याजवळ बसतो.

ताईला अजूनही कधी कधी वाटते, की नळी बसवायला हवी होती, आणि ती ते मला सांगते. मी तिची समजूत घालत नाही. दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर शांतिपर्वाची दोन-तीन पाने वाचतो, एक पान ती, एक मी. निम्मे अजून व्हायचे आहे.